पार्सलपेटी, तळमजला : कामाच्या नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

आमच्या अपार्टमेंटची मीटिंग पार्किंगमध्येच झाली. विषय होता पाण्याच्या टाकीची गळती, पण पाच मिनिटांत सगळे पार्सलांवर आले. ३०१ च्या काकूंची साडी, २०२ चा स्पीकर, ४०३ च्या मुलाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. तिन्ही ॲपवर ‘डिलिव्हर्ड’, हातात एकही नाही. सोळा फ्लॅट, दिवसा वॉचमन नाही, बहुतेक घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुलूप.

सूचना दोन आल्या. कुरिअरवाल्यांना गेटच्या आत घ्यायचंच नाही, आणि जिन्यात अजून चार कॅमेरे. मी दोन्हींना नको म्हटलं. गेटच्या आत घेतलं नाही तर पार्सल गेटवर, म्हणजे थेट टाकाळ्याच्या रस्त्यावर राहणार. आणि पार्किंगमध्ये कॅमेरा आहे की! त्यात हेल्मेट नि रेनकोट घातलेला एक माणूस दिसतो. जुलैत कोल्हापुरात सगळेच तसे दिसतात. कॅमेरा नंतर बघायला उपयोगी पडतो, हात तो धरत नाही.

मी पार्सल टाकायची कुलूपबंद पेटी सुचवली. अध्यक्ष म्हणाले, “मग तुम्हीच बघा.” आमच्याकडं सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, म्हणून शहाणी माणसं मीटिंगला गप्प बसतात.

१६ जुलै

आधी तिन्ही पार्सलांचा माग काढला. ॲपमध्ये डिलिव्हरीचा फोटो असतो, तो कुणी उघडूनच बघितला नव्हता. साडीच्या फोटोत तपकिरी दार आहे, आमची सगळी दारं पांढरी. मागच्या गल्लीत आमच्याशी मिळत्याजुळत्या नावाचं अपार्टमेंट आहे, तिथल्या ३०१ मध्ये साडी सुखरूप होती. त्यांनीही कुणाची म्हणून विचारायला कुठं जायचं? पुस्तकांच्या फोटोत मीटरचं कपाट. तिथं आता काही नाही आणि कपाटाला कडीसुद्धा नाही. स्पीकरचा फोटो मात्र २०२ च्याच दारातला, पायपुसण्यासकट, दुपारी पावणेदोनचा. ही खरी चोरी.

म्हणजे सरसकट ‘चोऱ्या वाढल्या’ असं नाही. एक पत्ता चुकला, एकाला ठेवायला जागा नव्हती, एक उघड्यावर राहिलं.

१९ जुलै, शनिवार

२०२ च्या दादांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी बिल, डिलिव्हरीचा फोटो आणि वेळ आधी मागितली. तिन्ही बरोबर होतं, त्यामुळं काम लवकर झालं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आल्यामुळं चोरीचं सवयीचं कलम ‘३७९’ आता कलम ३०३ झालंय. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वस्तू पाच हजारांच्या आतली, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. राहत्या इमारतीतल्या चोरीला कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. जिन्याच्या पॅसेजला यातलं कुठलं लावायचं ते त्यांनी ठरवावं.

दादांना तिथंच बसून विक्रेत्याला तक्रार लिहायला लावली. पार्सल आपल्या हातात दिलं नाही, ओटीपी घेतला नाही, सही नाही. दाराचा फोटो ही काही पोच नव्हे. एवढंच लिहायचं, रागावायचं नाही. एक गोष्ट त्यांना नीट विचारून घेतली: फोनवर “दारात ठेव” असं आपण म्हणालात का? म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर तक्रारीतला जोर तिथंच गेला असता.

२४ जुलै, गुरुवार

रजा टाकून दिवसभर गेटपाशी खुर्ची घेऊन बसले. पेटी वापरणार ही कुरिअरची पोरं, आणि मीटिंगमध्ये त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ही नोंद जरा लांबणार.

मालाची मोठी गाडी रात्री महामार्गाकडच्या हबला, म्हणजे कुरिअरच्या गोदामाला, येते. सकाळी पोरं तिथं जाऊन आपापल्या भागाचा माल स्कॅन करतात आणि ज्या क्रमानं वाटायचा त्याच्या उलट क्रमानं बॅगेत भरतात. पहिलं पार्सल सगळ्यात वर यायला हवं ना! पावसात वरचं आधी भिजतं, म्हणून काही जण बॅगेत वरून गोणपाट घालतात. काहींना महिन्याचा पगार आणि पेट्रोल, पण बहुतेकांना पार्सलमागं पैसे. परत नेलेल्या पार्सलचे पैसे नाहीत. ते उद्या पुन्हा बॅगेत, परवा पुन्हा, आणि मग पाठवणाऱ्याकडं परत. कॅश ऑन डिलिव्हरीची रक्कम संध्याकाळी हबला मोजून द्यायची. कमी भरली तर आपल्या खिशातून.

“ताई, तुमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद असली की चौथा मजला नको वाटतो,” एक जण म्हणाला. “फोन करतोय तर उचलत न्हाईत. उचलला तर मीटिंगमध्ये हाय म्हणत्यात. मग शेवटी, ठेव तिथंच. आणि गेलं की नाव आमचं.”

“मग तुझे पैसे कापतात?”

“कापत्यात की. साहेब म्हणतोय, तू हातात दिलं न्हाईस.”

दुसरा फुलेवाडीचा. तो आधी शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेत वाटायचा, गेल्या वर्षापासून हा भाग. त्याचं म्हणणं ऐकून मी चहा सांगितला. पेठेत पत्ता म्हणजे तालीम, देऊळ नाहीतर ‘पाण्याच्या खजिन्याजवळ’. नंबर कुणी सांगत नाही. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, सापडायला सोपं. तरी पेठेत त्याचं पार्सल कधी हरवलं नाही. “तिथं कोणतर दारात बसलेलंच असतंय. घरात कोण न्हाई म्हटलं की समोरची मावशी म्हणती, आण हिकडं. संध्याकाळपर्यंत पोचतंयच. हितं शेजारी कोण राहतंय विचारलं तर म्हणत्यात, म्हाईत न्हाई.”

३०१ च्या काकूंनी परवा सगळ्या कुरिअरवाल्यांना चोर म्हटलं होतं. त्यांना हे जेवताना सांगितलं. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माठ गेटजवळ आला.

घड्याळ लावून पाहिलं. गेट, लिफ्ट, बेल, वाट बघणं, फोन, फोटो, परत खाली: कुणी घरी असेल तर तीनेक मिनिटं, नसेल तर सहा-सात. तर पेटीची अट ही: गाडी स्टँडला लावल्यापासून पुन्हा किक मारेपर्यंत एक मिनिट. त्याहून जास्त वेळ लागला तर पोरं ती वापरणार नाहीत, मग ती कितीही मजबूत असू दे.

२७ जुलै, रविवार

सगळ्या फ्लॅटमधून रिकामी खोकी गोळा करून टेप लावली. कपड्यांच्या पिशव्या कुठंही मावतात. बुटांचं खोकं साधारण १३ × ८ × ५ इंच. मोबाइल, औषधं, पुस्तकं त्याहून लहान. मिक्सर, कुकर, गाद्या हा वेगळा प्रश्न, तो आत्ता सोडला. बूट बसले की बहुतेक सगळं बसतं.

खोक्यांवर नाव, मोबाइल नंबर, फ्लॅट, वस्तूचं नाव, सगळं जसंच्या तसं. अशीच खोकी आपण कचरागाडीत देतो. लेबल फाडून मग खोकं टाका, असं ग्रुपवर टाकलं. अंगठे पुष्कळ आले.

२ ऑगस्ट, शनिवार

“दानपेटीसारखी फट ठेवा की,” असं अध्यक्षांचं मत. फटीतून बूट जात नाही, आणि बूट जाईल एवढी फट केली की हातही जातो. म्हणून झुलता खण.

तत्त्व जुनंच आहे. पाव वर्तुळाच्या आकाराचा पत्र्याचा खण खालच्या बिजागरीवर झुलतो. मूठ धरून ओढला की पुढं येतो, आणि त्याची गोल पाठ आतल्या पोकळीचं तोंड झाकते. पार्सल ठेवून ढकललं की ते मागं कलंडून आत पडतं. उघडा असताना हात आत पोचत नाही, बंद असताना बाहेरून काही दिसत नाही. माप इथं खणाच्या त्रिज्येवर ठरतं. पाव वर्तुळात बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या चौकोनाची बाजू म्हणजे त्रिज्या भागिले १.४१४. पंधरा इंच त्रिज्या घेतली तर साडेदहा इंचांचा चौकोन मिळतो. रुंदी अठरा इंच ठेवली. बूट आडवे सहज जातात.

आत ३५ अंशांचा उताराचा पत्रा. कोरडं खोकं ३० अंशांवरही घसरतं, पण पावसात भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी पत्र्याला चिकटून बसते. खाली रबराची मॅट.

पेटी अडीच बाय दोन फूट, उंची चार फूट. अंग १८ गेजचं, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. मागचा दरवाजा १६ गेजचा, कारण पहार तिथंच लागणार. ८ × ४ चे दोन पत्रे पुरतात. एक पत्रा अठ्ठावीस किलोचा, त्यामुळं अँगलसकट पेटी साठ किलोच्या पुढं जाईल. तरीही जमिनीला आतून अँकर फास्टनरनं बांधायची. नट आत असले की बाहेरून पाना लागत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. पोस्टमनमामांच्या पिशवीत नुसती पाकिटं. ४०१ च्या ताईंना पुण्याहून आलेली राखी जिन्याच्या कठड्यावर सापडली, ओली. पेटीची मागणी एकदम वाढली.

संध्याकाळी शिवाजी उद्यमनगरात ड्रॉइंग घेऊन गेले. ज्या गल्ल्यांत ऑइल इंजिनं नि पंपांचे सुटे भाग घडले तिथं पत्र्याची पेटी म्हणजे किरकोळ काम, हे मिस्त्रींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण खण पाहिल्यावर त्यांनी चष्मा काढला. “बिजागरी खाली नको. गोल पाठ पत्र्यावर घासंल, वर्षात आवाज करंल. दोन्ही बाजूला पिन टाकू, बुशमध्ये.” बरोबर होतं. माझं ऑफिसातलं सॉफ्टवेअर घासण्याचा आवाज दाखवत नाही. ड्रॉइंगवर तिथंच पेन्सिलनं बदल केला. गणपतीच्या आत कच्ची पेटी देतो म्हणाले, रंग नंतर.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. पिनकोड सुरू झाला तो याच तारखेला, १९७२ साली. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवीही होते. आता टपाल खात्याचा डिजिपिन आलाय: दहा अक्षरं-अंक, आणि साधारण चार मीटर बाय चार मीटरचा एक चौकोन. मी उत्साहानं आमचा काढला. तो आडव्या जमिनीवर मोजतो, उंचीवर नाही. एकावर एक असलेल्या १०१, २०१, ३०१, ४०१ या चौघांचा डिजिपिन एकच! साडी मागच्या गल्लीत जाणं याने टळेल, मजला चुकणं टळणार नाही. तरी गेटवरच्या पाटीत खाली घातला.

१८ ऑगस्ट, सोमवार

पाऊस थांबत नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आजपासून सुरू झालं, भाऊसिंगजी रोडला गर्दी, पार्सलं दोन तास उशिरा. पोरं म्हणाली, हे काहीच नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा हबला गाडीच पोचत नव्हती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. बाहेरगावच्या कंपनीचं ॲप मात्र “आज रात्री नऊपर्यंत पोचेल” असंच सांगत बसतं.

पेटीच्या तळाला चार भोकं वाढवली, पाणी निघून जायला. आणि दोन इंचांचे पाय.

२३ ऑगस्ट, शनिवार

कच्ची पेटी तयार. मिस्त्रींच्या दुकानात ४०३ च्या मुलाला चोर केलं. छत्रीची मूठ, हँगरची तार, हात, सगळं करून पाहिलं. तार वाकवून खणाच्या कडेनं आत गेली आणि पिशवीला अडकलीही, पण वर येताना गोल पाठीवर आडली. मिस्त्रींनी आतल्या कडेला खाली झुकलेली करवतीसारखी दातेरी पट्टी वेल्ड करायला घेतली. आत जाताना पार्सल तिच्यावरून घसरतं, ओढताना अडकतं.

२०२ च्या दादांचे पैसे विक्रेत्यानं परत दिले. आधी नकार आला होता. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि त्याचा क्रमांक विक्रेत्याला कळवला.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

काम बंद. उद्यमनगरातला प्रत्येक वेल्डर कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या देखाव्यात. विचारायला गेले नाही, हसं झालं असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पावडर कोटिंग होऊन आली. ऑइलपेंट स्वस्त पडला असता, पण आमच्या चार महिन्यांच्या पावसात पत्रा कडांपासून फुगतो. सात टाक्यांत धुऊन, पावडर मारून, दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला थर टिकतो. रंगावर मीटिंगमध्ये पाऊण तास चर्चा झाली होती. करडा.

१४ सप्टेंबर, रविवार

बसवली. आता अवघड प्रश्न: किल्ली कुणाकडं? पत्रा बाहेरच्या माणसाला अडवतो. सोळा घरांना सोळा किल्ल्या दिल्या तर माझं पार्सल आणि तुमचं पार्सल एकाच ढिगात. प्रत्येक फ्लॅटला वेगळा खण करायला जागा नाही. एक किल्ली रात्रीच्या वॉचमनमामांकडं, ते सातला येतात. दुसरी मी १०१ च्या आजींकडं द्यावी म्हटलं.

कुजबुज झाली. आजी ऐंशीच्या घरात, पण दिवसभर घरी, दार उघडं, आणि जिन्यावरून कोण गेलं-आलं हे त्यांना कॅमेऱ्यापेक्षा जास्त माहीत. वही त्या ठेवणार: फ्लॅट नंबर, वेळ, नेणाऱ्याची सही. अध्यक्षांनी विचारलं, जमेल का? आजी म्हणाल्या, “दूध संस्थेच्या वह्या कोण लिवत होतं तुझ्या जन्माआधी?”

गेटवर पाटी: ‘पार्सल इथे टाका. खण ओढा, ठेवा, ढकला. पेटीचा फोटो चालेल. पैसे किंवा ओटीपी असेल तर १०१.’ प्रत्येकानं आपल्या ॲपमधल्या पत्त्यापुढं ‘तळमजल्यावरची करडी पेटी’ असं लिहायचं. निम्म्यांनी लिहिलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि आज ऑनलाइन सेल. लोकांनी ऑर्डरी अडवून धरल्या होत्या, त्या एकदम सुटल्या. फुलेवाडीचा पोरगा चार पार्सलं टाकून मिनिटाच्या आत गेटबाहेर. जाताना खणावर थाप मारून म्हणाला, “नाद खुळा!” मिस्त्रींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, पिनला ऑइल टाका.

१ ऑक्टोबर, बुधवार

रजिस्टर्ड पोस्ट गेल्या महिन्यापासून स्पीड पोस्टात मिसळलंय, आणि आजपासून स्पीड पोस्टालाही ओटीपीची सोय, पाठवणाऱ्यानं जादा पाच रुपये आणि कर भरला तर. म्हणजे ओटीपीची पार्सलं वाढणार, आणि ती पेटीत पडत नाहीत. आजींनी स्वतःच रीत बसवली. पार्सल हातात घ्यायचं, नाव-फ्लॅट वाचायचा, मग घरमालकाला फोन: “वस्तू माझ्या हातात आली, आता सांग नंबर.” नंबर समोरच्या पोराला तोंडी. हातात वस्तू नसताना कुणी नुसताच फोन करून ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवायचा. ३०४ ला असा फोन आलाच होता, आणि वाचल्या त्या आजींमुळं: “पार्सल कुठं हाय ते आधी दाखव म्हणावं.” पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, हा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सलही एक आलं. आजी कुणाचेही पैसे आधी विचारल्याशिवाय देत नाहीत, त्यामुळं ते आल्या पावली परत.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या तोंडावर पेटी दुपारीच भरते. भरली की खण पुरा मागं जात नाही, अर्धवट उघडा राहतो. आजी आता दोन वेळा रिकामी करतात. सकाळी एकदा खणाच्या मुठीवर ओरखडे दिसले, स्क्रूड्रायव्हरचे असावेत. आतलं सगळं जागेवर होतं, वहीशी जुळवून पाहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

चार कामगार संहिता परवापासून, २१ तारखेला, लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची, म्हणजे ॲपवरून मिळेल तसं काम करणाऱ्या अशा पोरांची, व्याख्या आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या निधीत भरायचे आहेत. फुलेवाडीच्या पोराला वाचून दाखवलं. “अपघात झाला तर मिळंल काय त्यातनं?” योजना कशी बसते त्यावर आहे, म्हटलं. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, त्याची नोंदणी नव्हती. आधारला जोडलेला मोबाइल त्याच्याजवळच होता, तिथंच करून टाकली, तोवर त्याची बाकीची पार्सलं आजींनी राखली. संध्याकाळी त्याच्याबरोबरचे अजून दोघे आले.

मिक्सर-कुकरचा प्रश्न अजून उभाच आहे. मिस्त्रींकडून साध्या उभ्या कपाटाचा अंदाज आणलाय: अडीच बाय अडीच, उंची पाच फूट, कोयंड्याला उघडं कुलूप लटकवून ठेवायचं. मोठं खोकं आत ठेवलं की पोरानं कुलूप दाबून बंद करायचं, उघडायची किल्ली आजींकडं. एकदा बंद झालं की दिवसभरात दुसरं पार्सल बसणार नाही, पण मोठी खोकी रोज कुठं येतात? जागा जिन्याखाली मोजली, बरोबर बसतं. तिथं सध्या २०३ ची स्कूटर असते आणि त्यांचा लेखी विरोध आला आहे. डिसेंबरच्या मीटिंगला विषय क्रमांक दोन. एक नंबरला पाण्याची टाकी, ती अजून गळतेच आहे.